ट्रंकेतल्या पदकापासून बसऱ्यापर्यंत: महायुद्धात गेलेल्या पूर्वजाचा माग कसा काढायचा

सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर, रायगड, नगर यांपैकी कुठंही जुनं घर असेल तर त्या घरात "आमचे पणजोबा लढाईला गेले होते" हे वाक्य एकदा तरी कानावर पडलेलं असतं. कुठल्या लढाईला, कुठल्या पलटणीतून, परत आले की नाही, हे विचारलं की बोलणं तिथंच थांबतं. मी कोरेगाव तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर आसपासच्या गावांतली माणसं रुमालात बांधलेली पदकं घेऊन माझ्याकडे येऊ लागली. त्यांना समोर बसवून जे सांगते तेच इथं लिहिते आहे, म्हणजे ज्यांना येणं शक्य नाही त्यांनाही घरबसल्या सुरुवात करता येईल.

पहिलं सांगणं हे की लढाईच्या नावापासून सुरुवात करू नका. "आमचे पणजोबा कुतच्या वेढ्यात (इराकमधल्या, पहिल्या महायुद्धातल्या) होते" असं मनाशी ठरवून शोधायला बसलं की प्रत्येक कागदात कुतच दिसू लागतं. आपल्याला हव्यात तीन गोष्टी: सैनिकाचा नंबर, साहेबाने लिहिलेलं त्याचं नाव आणि त्याची पलटण. या तीन मिळाल्या की लढाई आपोआप समोर येते. यातलं एकही हाती नसेल तर पुढची सगळी धडपड अंधारात होते.

आधी घर धुंडाळा

ट्रंक, माळा, कणगीमागचा कोनाडा, देवघर. देवघर मुद्दाम म्हणते. पहिल्या महायुद्धात जे मेले त्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने काशाची एक गोल तबकडी पाठवली होती, साधारण बारा सेंटिमीटर रुंद. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आहे आणि तिच्यापुढे सिंह. आमच्या घरात ती तबकडी कित्येक वर्षं देवीच्या टाकांशेजारी होती. सिंह आणि त्रिशूळ बघून माझ्या आजेसासूबाईंनी तिला तिथं ठेवलं, आणि नवरात्रात तिलाही हळदकुंकू लागायचं. हळदीच्या थराखाली माझ्या आजेसासऱ्यांचं नाव होतं. तबकडीवर उजव्या बाजूला एका चौकटीत फक्त नाव असतं. हुद्दा नसतो, नंबर नसतो, पलटणही नसते, कारण मेलेल्यांत सुभेदार आणि शिपाई असा भेद करायचा नाही असं ठरलं होतं. म्हणून नुसत्या तबकडीवर शोध पुढे जात नाही, पण एक गोष्ट पक्की होते: हा माणूस युद्धात गेला, परत आला नाही.

पदकांचं तसं नाही. पहिल्या महायुद्धाची दोन पदकं बहुतेक घरांत असतात. एक चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. दुसरं काशाचं, पंख असलेल्या बाईचं, त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. जो 1915 संपायच्या आत आघाडीवर पोहोचला त्याला आणखी एक, चार टोकांचा काशाचा तारा. ताऱ्यावर मधोमध '1914-15' असं असेल तर आपला माणूस युद्धाच्या सुरुवातीच्या तुकड्यांत होता हे कळतं. घोड्यावरच्या पुरुषाचं पदक चांदीऐवजी काशाचं असेल तर तेही नीट बघा. तसं पदक मजुरांच्या तुकड्यांतल्या आणि पलटणीबरोबर गेलेल्या बिनलढाऊ माणसांना मिळालं. भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले यांची नावं घरात कुणी अभिमानाने सांगितलेली नसतात. पण तोफेच्या माऱ्यात पाण्याची पखाल घेऊन जाणारा माणूस शिपायापेक्षा कमी होता असं मला कधीच वाटलं नाही.

नाव कुठं आहे? पदकाच्या कडेवर. पुढून नाही, मागूनही नाही, नाण्याची जाडी जिथं असते तिथं. ताऱ्याला कड नसते, म्हणून त्याच्या पाठीवर. हे माहीत नसल्यामुळे लोक म्हणतात, "आमच्या पदकावर काहीच लिहिलेलं नाही." पदक चिंचेने, राखेने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका. शंभर वर्षांत अक्षरं आधीच झिजलेली असतात, घासलं की उरलेलीही जातात. कोरड्या मऊ सुती कापडाने धूळ पुसा. खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च पदकाच्या बाजूने, अगदी आडवा धरा. उजेड तिरका पडला की खाचेत सावली येते आणि अक्षर उभं राहतं. भिंग असेल तर उत्तम. तरीही लागत नसेल तर पातळ कागद कडेवर गुंडाळून त्यावरून मऊ पेन्सिल हलकी फिरवा. पदक हळूहळू फिरवत चार-पाच फोटो काढा, कारण मजकूर अर्ध्याहून जास्त कडेवर पसरलेला असतो.

तिथं रोमन लिपीत आधी आकडा, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण असं दिसेल. समजा '2316 सिपॉय रामा सिंदे 110 मराठा' असं काही वाचता आलं. आकडा तसाच उतरवून घ्या. एखादा आकडा शंकेचा असेल तर 3 की 8 अशी दोन्ही रूपं लिहून ठेवा. नाव मात्र तुमच्या मनातलं लिहू नका, तिथलंच लिहा. शिंदेचं सिंदे, जाधवचं जाधो, सावंतचं सावुंत, घाडगेचं घाडगे किंवा गाडगे, हे सगळं भरतीच्या कारकुनाच्या कानाने ठरवलेलं आहे, आणि पुढच्या प्रत्येक नोंदीत ते तसंच्या तसं उतरत गेलेलं असतं. तुम्ही दुरुस्त केलेलं नाव कुठल्याही यादीत सापडणार नाही.

पदकं नसतील तर निराश होऊ नका. चांदी म्हणून कित्येक पदकं दुष्काळात सोनाराकडे गेली. डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरीची पावती, गणवेशातला फोटो, यांतलं काहीही चालतं. सरकारकडून लढाईबद्दल जमीन मिळाल्याची घरात बोलवा असेल तर तलाठ्याकडे किंवा तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार काढा. त्यात जमीन कशापोटी मिळाली याची ओळ असू शकते. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुष "पराक्रम केला" एवढंच सांगतात. बायकांना आठवतं की तार आली तेव्हा भाताची लावणी चालू होती, पेन्शन आणायला कुठल्या गावाला चालत जावं लागायचं, किती वर्षं कपाळ पुसलं नव्हतं. आमच्या आत्येसासूबाईंनी सांगितलं होतं, "बसऱ्याला गेला म्हणायचे, पण बसरा कुठंशी हे आईला मरेपर्यंत कळलं नाही." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. तेवढ्या एका 'बसरा' शब्दाने माझं काम निम्मं केलं.

पलटणीचा आकडा वाचायला शिका

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या सहा जुन्या पलटणी होत्या: 103, 105, 110, 114, 116 आणि 117. युद्धानंतर, 1922 मध्ये या सगळ्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. 103 ची झाली पहिली पलटण, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी 'रॉयल', आणि 114 ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या कागदावर '3/5', म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण, असं दिसलं तर ती तीच जुनी एकशेदहावी. एकाच घरातले आजोबा 110 मध्ये आणि नातू 3/5 मध्ये, असं आमच्याकडे सर्रास सापडतं. पलटण घरची असल्यासारखी असायची.

पण प्रत्येक मराठी माणूस मराठा पलटणीतच होता असं धरून चालू नका. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्समध्ये, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या लष्करी तुकड्यांत, पुष्कळ होते. हिंदुस्थानी सैन्य फ्रान्समध्ये उतरल्यानंतर काही आठवड्यांत, 28 ऑक्टोबर 1914 रोजी, याच सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्यांना 47 व्या शीख पलटणीबरोबर न्यूव्ह शापेल गावावर पायदळासारखं चालून जावं लागलं. पूल बांधायला शिकलेली माणसं घराघरातून संगिनींनी लढली आणि फार थोडी परतली. महार समाजातल्या घरांनी 111 हा आकडा शोधावा. 111 वी महार पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. त्याआधी कित्येक वर्षं त्यांची भरतीच बंद होती, आणि युद्ध संपल्यावर दार पुन्हा लावलं गेलं. आजची महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली. आजोबा 'पलटणीत' होते पण मराठ्यांच्या यादीत नाव सापडत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींचं उत्तर या 111 मध्ये असतं.

मेलेल्यांची यादी

युद्धात मरण पावलेल्यांसाठी सगळ्यात मोठी खुली यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेची. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. पहिल्या महायुद्धासाठी ते 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 एवढा काळ धरतात. म्हणजे लढाई थांबल्यावर जखमेने किंवा आजाराने सेवेत असताना गेलेला माणूसही त्यात येतो.

शोधताना आडनावाच्या रकान्यात आडनाव टाकून गप्प बसू नका. हिंदी सैनिकांचं अख्खं नावच बहुतेक वेळा आडनावाच्या रकान्यात घातलेलं आहे, किंवा 'रामा' हेच आडनाव झालेलं आहे. आधी पहिल्या नावाने शोधा, मग आडनावाने, मग नंबराने. रेजिमेंटच्या रकान्यात 'मराठा' हा शब्द जुन्या स्पेलिंगने, मधे एच आणि दोन टी घालून टाका. आणखी एक युक्ती: जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव टाका. बऱ्याच नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, सातारा, बॉम्बे' असं लिहिलेलं असतं. इथं जुना भूगोल डोक्यात ठेवायला हवा. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 पर्यंत नव्हता, सगळं रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थान. रायगडचं नाव कुलाबा. सांगलीचा माणूस सांगलीखाली शोधलात तर सापडणार नाही.

नोंद सापडली की स्मारकाचं नाव दिसेल, आणि इथं घरच्यांची मनं दुखावतात, म्हणून आधीच सांगते. कबर शोधू नका. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, किंवा प्रेत हाती लागलंच नाही. त्यांची नोंद एखाद्या स्मारकाखाली असते. 'बसरा मेमोरियल' याचा अर्थ तो बसऱ्यात मेला असा नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जो कुठंही पडला आणि ज्याची कबर माहीत नाही तो त्या स्मारकावर. तिथं 40 हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. आणि एक गोष्ट मला आजही टोचते. त्या भिंतीवर ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं, हिंदुस्थानी शिपायाचं नाही. आपल्यातले सुभेदार-जमादार, म्हणजे हिंदी अधिकारी, तेवढे कोरले गेले, बाकीच्यांची पलटणीवार नुसती संख्या. नावं रजिस्टरात राहिली. कमिशनने 2021 मध्ये अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. ते स्मारक 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेलं, त्यामुळे तिथं जाऊन हात जोडणं सोपं नाही. ऑनलाइन रजिस्टरात मात्र नाव आहे, आणि त्याचा दाखला छापून घेता येतो. तो छापून फोटोच्या चौकटीत लावलेली घरं मी पाहिली आहेत.

इतर स्मारकांवरूनही दिशा कळते. न्यूव्ह शापेल म्हणजे फ्रान्स किंवा बेल्जियम. हेलिओपोलिस (पोर्ट तौफिक) म्हणजे इजिप्त किंवा पॅलेस्टाइन. दिल्लीचं इंडिया गेट म्हणजे मुख्यतः वायव्य सरहद्द. इंडिया गेटवर सगळ्यांचीच नावं आहेत हा समज घेऊन लोक दिल्लीला जातात आणि हिरमुसून परततात. आधी नोंद बघा, मग तिकीट काढा.

तारखेवरून लढाई

आता लढाईकडे यायला हरकत नाही. मृत्यूची तारीख आणि पलटण एकमेकांशेजारी ठेवा. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या माणसांसाठी मेसोपोटेमियातली तुर्कांविरुद्धची आघाडी सगळ्यात महत्त्वाची, कारण 103, 110 आणि 117 या तिन्ही पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखाली होत्या.

तारीख 12 ते 14 एप्रिल 1915 असेल तर शैबा, बसऱ्याजवळ. सप्टेंबर 1915 चा शेवट असेल तर कुत पहिल्यांदा जिंकलं ती लढाई. 22 नोव्हेंबर 1915 किंवा त्याच्या पुढचे दोन-तीन दिवस असतील तर टेसिफोन, बगदादच्या अलीकडे, जिथं जुन्या इराणी राजवाड्याची प्रचंड कमान एकटी उभी आहे. तिथं टाउनशेंडच्या फौजेतली चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं. तारीख लढाईनंतर आठ-पंधरा दिवसांची असेल तर पणजोबा त्या गाडीत होते अशी शक्यता फार मोठी.

7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 हा कुतचा वेढा. तैग्रिसच्या वळणावरचं लहानसं गाव, तीन बाजूंनी पाणी, चौथीकडे तुर्कांचे खंदक. पीठ दळायला जाती नव्हती, तर विमानातून जात्यांचे दगड टाकले. शेवटी पिठाची पोतीही विमानातून टाकून बघितली, पण तेवढ्या पोटांना ती कुठली पुरणार? घोड्यांचं मांस होतं. आपल्या माणसांनी ते महिनोन्‌महिने नाकारलं, धर्म बुडेल म्हणून, आणि गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील म्हणून. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची परवानगी मागवली तरी पुष्कळांनी उपाशी राहणंच पत्करलं. स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजल्या, पहाऱ्यावर उभी राहिलेली माणसं तिथंच कोसळली. या महिन्यांतली तारीख आणि कारण 'आजार' असं दिसलं तर त्याला साधा आजार समजू नका. ती उपासमार होती. वेढा फोडायला आलेल्या फौजेने हन्ना, दुजैला, सन्नायत इथं धडका देऊन सुमारे 23 हजार माणसं गमावली आणि तरी कुत पडलं. 105 वी मराठाही मेसोपोटेमियात लढली, पुढे ती पॅलेस्टाइनला गेली.

29 एप्रिल 1916 ला तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यानंतरची तारीख आणि पलटण 103, 110 किंवा 117 असेल तर आपला माणूस बहुधा कैदेत मेला. उन्हाळ्यात वाळवंटातून चालत नेलं, बूट आणि पाण्याच्या बाटल्या हिसकावल्या, आणि जे उरले त्यांना रास अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. माझे आजेसासरे 117 मध्ये होते आणि त्यांची तारीख वेढ्यानंतरची आहे. अशा नोंदींतली तारीख कधी कधी अंदाजाने घातलेली असते, कारण वाटेत कोण कुठं पडलं हे लिहून ठेवायला कुणी नव्हतं. म्हणून त्या दिवशी वर्षश्राद्ध घालायचं की नाही असं कुणी विचारलं तर मी म्हणते, जरूर घाला, पण तारखेवरून पुढचे निष्कर्ष काढू नका. कैद्यांसाठी आणखी एक जागा आहे: आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. नाव वेगवेगळ्या स्पेलिंगनी शोधत बसायची चिकाटी मात्र हवी.

ऑक्टोबर 1918 चा शेवट आणि 114 वी पलटण असेल तर शरकात, मोसुलच्या वाटेवरची शेवटची लढाई. तुर्कस्तानशी तह व्हायला तेव्हा एखाददोन दिवस उरले होते.

याहून जवळ जायचं असेल तर पलटणीची युद्धदैनंदिनी, म्हणजे वॉर डायरी बघा. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या 'डब्ल्यूओ 95' या मालिकेत आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ ऑनलाइन निघतात. रोज संध्याकाळी पलटणीचा एखादा अधिकारी दोन ओळी लिहायचा: आज कुठं होतो, काय झालं, किती पडले. त्यात शिपायाचं नाव मिळेल अशी आशा धरू नका. इंग्रज अधिकारी नावानिशी असतो, आपले सुभेदार बहुधा नावानिशी असतात, आणि शिपाई असतात 'आय.ओ.आर. 5 ठार, 17 जखमी' असे. इंडियन अदर रँक्स. त्या पाचातला एक आपला, एवढं तारीख जुळवून कळतं. पण त्या दिवशी पाऊस होता, चिखल होता, खंदकात पाणी शिरलं होतं, हेही त्याच पानावर असतं. घरच्यांना वाचून दाखवताना मी तेवढं पान दोनदा वाचते.

दुसरं महायुद्ध

इथं काम थोडं सोपं आहे, कारण पदकंच आघाडी सांगतात. सहा टोकांचे तारे असतात आणि त्यावर आफ्रिका, इटली, बर्मा असं लिहिलेलंच असतं. ब्रिटनमध्ये ही पदकं बिननावाची वाटली, हिंदुस्थानात मात्र नाव कोरून दिली, त्यामुळे तारा उलटा करून पाठ बघा.

आफ्रिका स्टार आणि 3/5 असेल तर एरिट्रियातल्या केरेनचे डोंगर, मार्च 1941. आफ्रिका स्टार आणि 2/5 असेल तर तोब्रुकचा विचार करा. 21 जून 1942 ला तोब्रुक पडलं तेव्हा ही पलटण तिथं होती आणि ती कैद झाली. त्या घरांत "आजोबा इटलीला होते" असं सांगतात आणि इटली स्टार सापडत नाही, कारण ते इटलीत लढायला नव्हे, कैदी म्हणून गेले होते. इटली स्टार असेल तर 1/5 आणि 3/5 बघा. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 3/5 चे, 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशिनगनचा मोर्चा घेऊन पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव 1/5 चे, 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर जखमींना उचलून आणून पुन्हा मोर्चांवर धावून गेले आणि जिवंत परतले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. बर्मा स्टार आणि 4/5 असेल तर मार्च 1944 मधलं मणिपूरचं सांगशाक वाचा. पॅराशूट ब्रिगेडबरोबर ही पलटण तिथं होती, आणि त्यांनी जपान्यांना अडवलेले ते दिवस कोहिमा-इंफाळला सावरायला मिळाले. इंफाळला दहन स्मारक आहे, आणि तिथं मात्र आपल्याला सहज जाता येतं.

कोकणातल्या खलाशांची गोष्ट निराळी. त्यांच्या घरी पलटणीचा आकडा नसतो, बोटीचं नाव असतं. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही अशा दोन्ही महायुद्धांतल्या खलाशांचं स्मारक आहे. पहिल्या युद्धाचेच दोन हजारांहून जास्त. रोज लाखो माणसं त्या स्टेशनातून ये-जा करतात. ज्यांचे पणजोबा बोटीवर गेले आणि आले नाहीत त्यांनी एकदा तिथं उतरावं.

जे परत आले त्यांचं काय

मेलेल्यांची यादी आहे, परतलेल्यांची अशी खुली यादी नाही. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. त्यांच्यासाठी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र घालावं लागतं: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सॅपर्सचं खडकीला. पत्र एका पानाचं असू द्या. नंबर, हुद्दा, कागदावरचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जुना तालुका-जिल्हा, पलटण, अंदाजे भरतीचं वर्ष, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा. पदकाच्या कडेचा फोटो जोडा. पराक्रमाची कथा लिहू नका, कारकुनाला ती लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. त्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारचं मासिक अनुदान होतं, त्यामुळे घरातल्या आजीच्या नावाची फाइल तिथं निघू शकते.

आणि 1918 च्या साथीचा विचार करा. लढाई संपता संपता मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा आत शिरला आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. पलटणीतून सुटून घरी आलेला शिपाई त्या साथीत गेला तर तो युद्धाच्या यादीत सापडणार नाही. उलटही झालं: शिपाई परतला आणि घर रिकामं होतं. अशा वेळी गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी तहसील कार्यालयात बघाव्या लागतात.

गावचा दगड

वेशीत, शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून इतकी माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावातली तर 46 माणसं त्या युद्धात कामी आली. पाटीवर नावं नसतात, आकडेच असतात. पण तो आकडा तुमच्या शोधाची परीक्षा घेतो. पाटी म्हणते पाच गेले आणि रजिस्टरात गावाच्या नावाने तीनच सापडतात, म्हणजे दोन नावं अजून वेगळ्या स्पेलिंगखाली, वेगळ्या तालुक्याखाली किंवा मजुरांच्या तुकड्यांत दडलेली आहेत. मग शोध एका घराचा राहत नाही, गावाचा होतो. पाटीला ऑइलपेंट लावू देऊ नका. शाळेची रंगरंगोटी निघाली की आधी जाऊन हेडमास्तरांशी बोला. अक्षरांवर रंगाचे दोन हात बसले की पुन्हा वाचता येत नाहीत.

दोन नावं उरलीच, आणि घरी तबकडी, पेन्शनचा कागद किंवा मृत्यूची तार असा पुरावा असेल, तर तो कमिशनकडे पाठवा. ज्यांची नोंद राहून गेली अशी नावं ते पुरावा तपासून आजही यादीत घेतात. मूळ कागद पाठवू नका, स्वच्छ उजेडात काढलेले फोटो पाठवा. सोबत इंग्रजीत एक साधा अर्ज, नाव कागदावर जसं आहे तसं, पलटण, नंबर, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, आणि सेवेत असताना मृत्यू झाला हे कशावरून कळतं ते. इंग्रजी जमत नसेल तर गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा आणि त्याच्याकडूनच लिहून घ्या.